चार नंबरचा अडकलेला इंजेक्टर : कामाच्या नोंदी, लातूर

गाडी टाटा एलपीटी 2515, दहा टायर. इंजिन कमिन्स 6बीटी, 5.9 लिटर, लाइन पंपाचं, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला वेगळ्या पाइपने डिझेल देणाऱ्या जुन्या यांत्रिक पंपाचं. हंगामात ऊस, एरवी सोयाबीन आणि सळई. आपल्याकडे अख्ख्या इंजेक्टरलाच नोझल म्हणायची सवय आहे. या नोंदींत इंजेक्टर म्हणजे सिलेंडरात डिझेल फवारणारा पूर्ण नग आणि नोझल म्हणजे फक्त त्याचं खालचं टोक, नाहीतर पुढे घोळ होईल.

10 एप्रिल 2025, गुरुवार

तक्रार : गार इंजिनावर पांढरा धूर, मिसिंग (एखादा सिलेंडर नीट पेट न घेणं), चढाला दम नाही. गळीत हंगाम आटोपेपर्यंत गाडी तशीच ओढली आहे.

आयडलिंगवर एकेका इंजेक्टरच्या डिझेल पाइपचा नट अर्धा आटा सैल करून आवाज ऐकला. एक, दोन, तीन, पाच, सहा सैल करताच इंजिन लडबडतं, म्हणजे ते सिलेंडर काम करताहेत. चारला काहीच फरक पडत नाही. हे करताना नटाभोवती जाड फडकं धरायचं आणि हात फवाऱ्याच्या रेषेबाहेर ठेवायचा, कारण त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि जखम वरून टाचणीएवढीच दिसते. आणखी एक : ही रीत फक्त जुन्या पंपाच्या इंजिनाला. कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून कायम दाबाचं डिझेल देणारी नवी पद्धत) चालू इंजिनाचा पाइप कधीही सैल करू नये, तिथे दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो.

चारच्या खळग्यात, इंजेक्टरला हेडात (सिलेंडरांवरच्या झाकणात) धरून ठेवणाऱ्या नटाभोवती, दोन चमचे इंजिन ऑइल टाकून पाहिलं. बुडबुडे आले, अगदी इंजिनाच्या ठोक्याबरोबर. इंजेक्टरच्या तळच्या तांब्याच्या वॉशरखालून सिलेंडरचा गॅस वर येतो आहे. साबणाचं पाणीही चाललं असतं, पण ज्या खळग्यात गंजाचीच शंका आहे तिथे आम्ही पाणी घालत नाही.

गॅस वर येत असेल तर इंजेक्टर अडकलेला असणारच, असं धरून चाललो. गॅसबरोबर काजळी येते, ती नोझलच्या नटाभोवतीच्या (नोझल बॉडीला जोडणारा, तळचा वेगळा नट) पोकळीत बसते आणि उष्णतेने भाजून विटेसारखी कडक होते. खालून ही पकड आणि वरून गंजाची. दोन्ही वेगळ्या, आणि दोन्हींचा इलाजही वेगळा. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

11 एप्रिल, शुक्रवार

सकाळी साफसफाई. सहाही खळग्यांत उसाच्या पाचटाचा भुगा तेलात मळून थापला होता. हा भुगा स्पंजसारखा ओल धरून ठेवतो. वरून गाडी धुताना बोअरचं क्षाराचं पाणी प्रेशरने मारलेलं. इंजेक्टरच्या नटावर पाणी अडवायला रबराची ओ-रिंग असते. चारची ओ-रिंग बोटाने दाबली तर तिचे तुकडे पडले. पाणी तिथूनच आत उतरलं, आणि नट, इंजेक्टरची बॉडी आणि हेड तिन्ही गंजात एकजीव झाले.

आधी सुया-ब्रशने कोरडा भुगा काढला, मग हवा मारली. हा क्रम पाळावा. ओल्या भुग्यावर थेट हवा मारली की तो फटीत आणखी ठासून बसतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पाइपांच्या क्लिपा सोडल्या, मग चारचा पाइप काढला. क्लिप न सोडता पाइप वाकवून बाजूला केला तर परत बसवताना त्याचं तोंड सरळ येत नाही आणि तिथून गळती लागते. उरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्न लाइन सहाही इंजेक्टरांना मिळून एकच असते. तिचे बॅंजो बोल्ट (आतून पोकळ बोल्ट) 10 मिमी पान्याचे, त्यांचे वॉशर मोजून डबीत ठेवले. उघड्या तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावली. तिथे चिंधी कोंबायची नाही, एक धागा आत गेला तर नवी नोझल पहिल्या दिवशी अडकते.

भिजवण : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन, निम्मं-निम्मं, एकूण 30 मिली. सिरिंजने नट आणि हेडमधल्या फटीत, आणि नट व बॉडीमधल्या फटीत. हे मिश्रण गंजात शिरायला फार चांगलं, पण ॲसिटोन 56 अंशाला उकळतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली ते आत शिरायच्या आधीच उडून जातं. म्हणून सूर्य कलल्यावर एकदा, रात्री दहाला एकदा. वेल्डिंग, विडी, ग्राइंडर सगळं लांब. रंगावर आणि वायरिंगच्या रबरावर सांडू द्यायचं नाही.

नटाला आज पाना लावलेला नाही.

12 एप्रिल, शनिवार

ड्रायव्हर मामांचं म्हणणं, "मिस्त्री, गॅसनं लाल करा की, पाच मिनटांत निघंल." त्यांना हेडच दाखवलं. 6बीटीचं हेड बिडाचं आणि सहाही सिलेंडरांना एकच. इंजेक्टरचं भोक आणि व्हॉल्व्हची सीट यांच्यात बिडाची पातळ भिंत असते. एकाच जागी लाल केलं की ती भिंत फुगते, आजूबाजूचं बीड गारच राहतं, आणि निवताना बारीक चीर जाते. चीर आज दिसत नाही, महिन्याभराने रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात तेव्हा कळते. उष्णता हवीच आहे, पण सगळ्या हेडला सारखी, आणि ती द्यायला इंजिनापेक्षा चांगलं साधन नाही.

पाइप आणि रिटर्न लाइन परत जोडली, बॅटरी लावली, एअर (डिझेल लाइनीत अडकलेली हवा) काढली. 40 मिनिटं चालवून तापमान 80 च्या वर नेलं. बंद करून, हेड हाताला जेमतेम सोसेल इतकं निवेपर्यंत थांबलो, मग फटीत नुसतं एटीएफ सोडलं. गरम हेडवर ॲसिटोन अजिबात नाही. निवताना फटीतली हवा आकसते आणि तेल आत ओढलं जातं. असे तीन फेरे दिवसभरात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेऱ्यानंतर पाइप काढून ठोके दिले. इंजेक्टरच्या डोक्यावरचा आटा एम14, पिच 1.5, आणि आत पाइप बसायचा कोन. या दोहोंपैकी काहीही दबलं तर नग वाया. म्हणून जुन्या पाइपचं टोक नटासकट कापलं, पाइप नटाच्या तोंडाबरोबर सपाट केला आणि ते टोपण डोक्यावर पूर्ण चढवलं. त्यावर 16 मिमीचा पितळी दांडा आणि एक किलोचा हातोडा. दांडा इंजेक्टरच्याच रेषेत धरायचा. इंजेक्टर हेडात तिरका आहे, सवयीने हात उभा जातो.

दहा मध्यम ठोके, थांबायचं, तेल सोडायचं, परत दहा. जोर करायचा नाही. इंजेक्टर खाली जाणार नाही, तो वॉशरवर टेकलेलाच आहे. धक्क्याने गंजाचा थर तडकतो, एवढंच हवं. पहिले ठोके दगडावर मारल्यासारखे टणटणीत येत होते. तिसऱ्या फेऱ्यानंतर आवाज थोडा बसका झाला आणि नटाच्या कडेने तांबड्या पाण्यासारखं तेल वर आलं. वरची पकड सुटायला लागल्याची खूण हीच.

13 एप्रिल, रविवार

नट काढण्याआधी पिस्टन लावून घेतला. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेट घेण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4, म्हणजे तीन आणि चारचे पिस्टन एकत्र वर येतात. फ्लायव्हीलकडून हाताने फिरवून चारचा पिस्टन अगदी वर आणला. पुढे काजळीचे खडे पडले तर ते पिस्टनच्या डोक्यावर वरच राहतील. मग बॅटरीच उचलून बाजूला ठेवली. नट सैल झाल्यावर कुणी चुकून जरी स्टार्टर मारला तरी कम्प्रेशनने इंजेक्टर गोळीसारखा बाहेर येतो. काही जण मुद्दाम याच रीतीने काढतात. आम्ही ती कधी वापरणार नाही आणि कुणी वापरूही नये. समोर माणूस असतो.

आता 24 मिमीचा खोल सॉकेट. पण आधी व्हाइटनरने एक सरळ रेघ ओढली : बॉडीवरून नटावर, नटावरून हेडवर. या रेघेवर कामाचं भवितव्य आहे. बॉडीच्या अंगाला एक बारीक पोलादी गोळी असते, ती हेडच्या खाचेत बसून इंजेक्टरची दिशा धरते. नटाबरोबर बॉडी फिरली तर ही गोळी बिडात नांगरासारखी चर पाडते, आणि मग नवा इंजेक्टर सरळ बसतच नाही. दुसरा धोका याहून वाईट. बॉडी फिरली आणि खालचं टोक काजळीने धरून ठेवलं, तर बॉडी नोझलच्या नटातून उलगडून वर येते आणि नोझल हेडात राहते. मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही : 26 बोल्ट, गॅस्केट, आणि चार दिवस.

पहिला जोर दिला. नट साधारण पाच अंश फिरला आणि बॉडीवरची रेघही त्याच्याबरोबर सरकली. लगेच थांबलो. उलट फिरवून रेघ जागेवर आणली, टोपण चढवून पंधरा ठोके, तेल, वीस मिनिटं. दुसऱ्या वेळी बॉडीच्या चपट्या बाजूंवर पाना लावून ती धरून ठेवली आणि नटाला झटका न देता सलग जोर दिला. कट्ट असा कोरडा आवाज आला. नटाची रेघ पुढे गेली, बॉडीची जागेवर राहिली.

तरीही एका दमात काढला नाही. पाव फेरा पुढे, अष्टमांश मागे, तेल. आट्यांत गंजाचा चुरा असतो, सरळ ओढत नेलं की तो चुरा बिडाचे आटे खरवडून नेतो. पूर्ण नट निघायला पाऊण तास लागला. हेडचे आटे आरशात पाहिले, सगळे शाबूत. बॉडी मात्र तसूभर हलत नाही. आता फक्त खालची काजळीची पकड उरली.

बॉडीभोवती काजळी विरघळवणारं कार्ब्युरेटर क्लीनर सोडलं. रात्रभर तसंच.

14 एप्रिल, सोमवार

जयंतीमुळे बाजार आणि लेथ बंद. सकाळ-संध्याकाळ क्लीनर सोडलं.

15 एप्रिल, मंगळवार

लेथवर टोपण करून घेतलं : ईएन8 पोलाद, 30 मिमी व्यास, 60 मिमी लांब. खालून एम14 गुणिले 1.5 चा आटा 18 मिमी खोल, वरून एम16 चा आटा. आतला आटा टॅपने (आटे पाडायचं हत्यार) पाडला तरी चालतो, फक्त तो मधोमध आणि सरळ हवा. तिरका आटा म्हणजे प्रत्येक धक्का तिरका. त्यावर एम16 चा 500 मिमी दांडा, आणि वजनाला 70 मिमी व्यासाचा, 100 मिमी लांबीचा, 17 मिमी भोकाचा पोलादी गोळा. वजन भरतं पावणेतीन किलोच्या किंचित वर, आणि तेवढंच पुरे. पाच किलोचं वजन लावून डोक्याचा आटाच उपटून आणल्याचे प्रकार होतात.

हा झाला स्लाइड हॅमर : गोळा दांड्यावरून वर आपटायचा. त्याचे 25 धक्के. काही नाही. आणखी 25 देता आले असते, पण धक्क्याने न निघणारी काजळी पुष्कळदा सलग ताणाने निघते, म्हणून रीत बदलली.

आडवी पट्टी : 12 मिमी जाड, 50 रुंद, मधे 17 मिमीचं भोक. दोन पाय, एक 55 आणि एक 70 मिमी, कारण इंजेक्टर तिरका आहे आणि ओढ त्याच्याच रेषेत हवी. पाय हेडच्या बिडावर टेकवले. टॅपेट कव्हरवर टेकवले तर पत्रा चेपतो. पायांखाली तांब्याचे तुकडे. एम16 च्या दांड्यावर वॉशर आणि नट, आट्याला ग्रीस, टॉर्क रेंचने 60 न्यूटन-मीटर. एवढ्यात दांड्यावर साधारण दोन टनांची ओढ बसते. यापुढे गेलो नाही. टोपणावर चारी बाजूंनी लाकडी हातोड्याने हलके ठोके, भोवती परत क्लीनर.

संध्याकाळी सहाला रेंच परत लावली तर नट आणखी थोडा फिरला, म्हणजे काहीतरी सरकतं आहे. पुन्हा 60 वर आणून तसंच ताणावर सोडलं. घाई करणाऱ्याला ही रात्र वाया गेल्यासारखी वाटते. हेडच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

16 एप्रिल, बुधवार

सकाळी पट्टीवरचा नट बोटाने फिरत होता. कॅलिपरने मोजलं : इंजेक्टर 2.2 मिमी वर. पट्टी काढली, स्लाइड हॅमरच्या आठव्या धक्क्याला तो चरचरत वर आला आणि शेवटचा इंचभर हाताने निघाला.

निघालेला नग : बॉडीच्या वरच्या भागावर पापुद्र्यांचा गंज, मधे दोन बोटं स्वच्छ धातू, खाली नोझलच्या नटाभोवती काळी कडक विटकर, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. जाड बाजूलाच वॉशरवर गॅसची पांढुरकी वाट पडली होती. आणि टोकावर तांब्याचा वॉशर एकच, तर दुसरा आत सीटला चिकटलेला. आधीच्या कामात जुना वॉशर आत राहिला आणि त्याच्यावर नवा बसवला गेला. दोन वॉशरांमुळे दोन तोटे झाले : मधल्या फटीतून गॅस फुटला, आणि नोझल वॉशरभर वर राहिल्याने फवारा पिस्टनच्या वाटीत नेमका पडेना. मिसिंगचं एक मूळ हे.

आतला वॉशर काढायला सायकलच्या स्पोकचा आकडा करून पाहिला, कडेला पकड मिळाली नाही. मग एम10 चा निमुळता टॅप ग्रीस लावून, फक्त बोटांनी, अर्धा फेरा. तांबं मऊ असतं, टॅपने धरलं, वॉशर सरळ वर आला.

भोक साफ करणं : नायलॉनच्या ब्रशला भरपूर ग्रीस लावून हाताने फिरवायचा, काढायचा, पुसायचा, पुन्हा नवं ग्रीस. काजळी ग्रीसला चिकटून वर येते. बारा वेळा केलं. सीटवर स्क्रूड्रायव्हर किंवा छिन्नी अजिबात नाही, एक ओरखडा म्हणजे गॅसला नवा रस्ता. लाकडी दांड्याच्या सपाट टोकाला बारीक एमरी लावून सीट उजळली आणि टॉर्चच्या उजेडात आरशाने पाहिली : पूर्ण गोल, एकसारखी चमक. मग व्हॅक्यूमला बारीक नळी लावून पिस्टनवरचे खडे ओढून घेतले.

बाकीचे पाचही काढले. दोन अर्ध्या तासात, तीन याच रीतीने भिजवून आणि ठोकून. पट्टी कुणालाच लागली नाही.

17 एप्रिल, गुरुवार

इंजेक्टर टेस्टरवर सहाही. या सेटचा उघडण्याचा दाब (फवारा सुरू होतो तो दाब) 245 बार. एक, दोन, सहा : 235 ते 240, फवारा बारीक. तीन आणि पाच : 215 च्या आसपास उघडतात आणि ठिबकतात. ठिबकणं तपासताना दाब उघडण्याच्या 20 बार खाली धरून दहा सेकंद टोकाकडे बघायचं, थेंब धरता कामा नये. या दोघांना तिसऱ्या सेकंदालाच थेंब. चार तर फवाराच देत नाही, एक जाड धार सोडतो.

तीन, चार, पाचला नवी नोझल, सहाही शिम (दाब जुळवायच्या पातळ चकत्या) लावून 245 वर. नोझलच्या टोकाचा व्यास या इंजिनात 9 मिमी आहे. याच घराण्यातल्या काही इंजिनांना 7 मिमी येतो, म्हणून दुकानात फक्त "सहा सिलेंडर कमिन्स" असं सांगू नये, जुना नग दाखवावा.

ऑइल स्टिकवर ऑइल पातळ आणि डिझेलचा वास. ठिबकणाऱ्या नोझलचं डिझेल भिंतीवरून खाली उतरलं आहे. ऑइल 15डब्ल्यू40 आणि फिल्टर दोन्ही बदलायचे.

18 एप्रिल, शुक्रवार

बसवण्याआधी इंजेक्टर काढलेल्या स्थितीत, पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून, स्टार्टर पाच सेकंद. भोकांसमोर कुणी उभं नाही. चारमधून काळा भुगा उडाला, दुसऱ्यांदा काही आलं नाही. स्टार्टर मारताना पाइपांची तोंडं पंपाकडेही बंद होती.

प्रत्येकाला एकच नवा तांब्याचा वॉशर, मायक्रोमीटरने जाडी मोजून, कारण हे वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतात. वॉशर टोकावर ग्रीसच्या ठिपक्याने धरला, नाहीतर वाटेत पडतो. नवी ओ-रिंग. नटाच्या आट्यांना आणि बॉडीच्या वरच्या भागाला अँटी-सीझ कंपाउंड (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप), पातळ थर. वॉशरच्या तोंडाला आणि नोझलला नाही. गोळी खाचेत बसली की इंजेक्टर हाताने फिरत नाही, हे तपासूनच नट. चार नंबरची खाच थोडी घासली आहे, तरी गोळी धरते. टॉर्क 60 न्यूटन-मीटर, दोन टप्प्यांत.

पाइपांचे नट आधी सगळे बोटांनी पूर्ण चढवले, मग क्लिपा, मग पाना. एअर : हातपंपाने पंपापर्यंत, मग इंजेक्टरकडचे नट सैल ठेवून स्टार्टर. एका वेळी 30 सेकंदांच्या वर नाही, मधे दोन मिनिटं विश्रांती. चौथ्या वेळी पकडलं. पांढरा धूर मिनिटभरात गेला.

29 एप्रिल, मंगळवार

गाडी हैदराबादची फेरी करून आली. चढाला तिसरा गिअर लागत होता तिथे चौथ्यावर चढली, असं मामा सांगतात. पाइपांचे नट तपासले, कुठे ओल नाही. सहाही खळग्यांत ऑइलचे थेंब टाकून अर्धा तास चालवलं, बुडबुडा नाही. मग ऑइल पुसून नटाभोवती जाड ग्रीसची कडी भरली, म्हणजे पुढच्या हंगामात पाचट बसलं तरी पाणी आत उतरणार नाही. धुणाऱ्याला सांगायला मामांना बजावलं : इंजिनाच्या वरच्या अंगाला प्रेशरचं पाणी नको, हवा आणि डिझेलचा ब्रश.

मालकांच्या दुसऱ्या गाडीचंही इंजिन हेच आहे आणि तिचे इंजेक्टर आजवर काढलेलेच नाहीत. ती गाडी मिरगाच्या आत आणायला सांगितली आहे. पट्टी, टोपण आणि दांडा तेल लावून फळीवर ठेवलेत.